वाचकांचे प्रश्न : अजून बोलत नाही, हाक मारली तरी बघत नाही

बोलायला उशीर होणाऱ्या दीड ते तीन वर्षांच्या मुलांविषयी या वेळी बरीच पत्रं आली. त्यांतली काही निवडून, नावं वगळून इथे घेतली आहेत. उत्तरं बालविकास तज्ज्ञ डॉक्टर आणि स्पीच थेरपिस्ट यांनी मिळून लिहिली आहेत. मूल समोर नसताना निदान करता येत नाही आणि ते आम्ही केलेलंही नाही. काय तपासून घ्यायचं, कुठे जायचं आणि घरी काय सुरू करायचं, एवढं मात्र पत्रावरूनही सांगता येतं.

प्रश्न : माझा मुलगा २६ महिन्यांचा आहे. ‘मम’, ‘बाबा’, ‘गेलं’ एवढंच बोलतो, तेही रोज नाही. हाक मारली तर वळत नाही, पण बिस्किटाचा पुडा वाजला की आतल्या खोलीतून धावत येतो. काही हवं असलं की माझा हात धरून तिथपर्यंत ओढत नेतो. गाड्या उलट्या करून चाकं फिरवत बसतो. सासूबाई म्हणतात, याचे बाबाही चौथ्या वर्षी बोलले. आमचे डॉक्टर म्हणतात, तीन वर्षांपर्यंत वाट बघा. थांबावं का?
– एक आई, बार्शी

उत्तर : थांबू नका. काही मुलं खरंच उशिरा बोलतात, सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही. पण नुसतं उशिरा बोलणारं मूल शब्द सोडून बाकी सगळं करतं. हाकेला वळतं, ‘चेंडू आण’ म्हटलं की आणतं, बोट दाखवून मागतं. मुख्य म्हणजे काही गंमत दिसली की ती तुम्हालाही दाखवतं. वरून विमान गेलं तर त्याची नजर विमानाकडे, मग आईकडे, पुन्हा विमानाकडे अशी फिरते. नजरेची ही देवघेव साधारण दीड वर्षापर्यंत दिसायला हवी. तुमच्या पत्रात शब्द कमी असल्यापेक्षा ही देवघेव कमी असल्याची काळजी वाटते. हात धरून ओढणं हेही मागणंच आहे, पण त्यात तो तुमचा हात वापरतो, तुमच्या तोंडाकडे बघत नाही.

ढोबळ हिशेब असा धरा. वर्षाचं होईपर्यंत ‘बाबाबा-दादादा’ अशी बडबड आणि टाटा करण्यासारखे हावभाव, सोळा महिन्यांपर्यंत अर्थाचा एक तरी शब्द, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द (‘बाबा आले’, ‘अजून दूध’). हे नसेल तर तपासणी करायची. आणि येत असलेले शब्द किंवा हावभाव गेले, तर वय कोणतंही असो, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचे.

सगळ्यांत आधी कान. पुडा वाजल्यावर धावतो म्हणजे ऐकू येतं, असं घरोघरी मानलं जातं. पण काही ठरावीक पट्टीचे आवाज ऐकू येऊन बोलण्यातले बारीक आवाज निसटणारी मुलं असतात. मागून ताट वाजवून बघणं ही तपासणी नव्हे. मूल सावलीने किंवा फरशीच्या हादऱ्यानेही वळतं. जन्मानंतर केलेली चाचणी ‘पास’ असली तरी आता पुन्हा करा. साधारण तीन चाचण्या होतात. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलंय का ते इम्पीडन्स चाचणीत कळतं. सारखी सर्दी होणाऱ्या मुलांत हे फार आढळतं आणि उपचाराने बरं होतं. ओएई चाचणी आतल्या कानाचा प्रतिसाद मोजते, काही मिनिटांत होते; मात्र सर्दी किंवा मळ असला तर उगाचच ‘फेल’ येते. तिसरी बेरा. आवाज कानापासून मेंदूकडे नसेतून नीट पोहोचतो का, हे ती दाखवते.

बेरा मूल झोपलेलं असतानाच होते आणि बहुतेकांची फेरी वाया जाते ती इथेच. कपाळावर आणि कानामागे छोट्या तारा चिकटवतात, त्यामुळे आदल्या रात्री डोकं धुवा आणि तेल अजिबात लावू नका. तेलकट कातडीवर त्या नीट चिकटत नाहीत. त्या दिवशी त्याला नेहमीपेक्षा दोनेक तास लवकर उठवा. बार्शीहून सोलापूरला एसटीने निघालात तर तो गाडीत झोपेल आणि केंद्रात टक्क जागा राहील. म्हणून शक्यतो दुपारच्या झोपेची वेळ मागून घ्या आणि वाटेत त्याला जागं ठेवायला सोबत एक माणूस न्या. त्याची चादर, दुधाची बाटली बरोबर असू द्या. या वयात पुष्कळदा झोपेचं औषध द्यावं लागतं; ते केंद्रातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचं, घरून पाजून निघायचं नाही. किती तास उपाशी ठेवायचं ते तारीख घेतानाच विचारा. ताप, खोकला, घोरणं, झटके यांपैकी काही असेल तर औषध देण्याआधी सांगा.

कानांबरोबरच विकासाच्या तपासणीची तारीख घ्या. एकाचा अहवाल येईपर्यंत दुसरी अडवून ठेवू नका. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट ही ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, शक्यता पाहणारी वीस प्रश्नांची चाळणी आहे, तुमचा मुलगा त्या वयात बसतो. ० ते २ गुण म्हणजे धोका कमी, ३ ते ७ असतील तर तेच प्रश्न खोलात जाऊन पुन्हा विचारायचे, ८ किंवा जास्त असतील तर थेट तज्ज्ञांकडे पाठवायचं. ही फक्त चाळणी आहे, तिच्यावरून ‘आहे’ किंवा ‘नाही’ ठरत नाही. ऑटिझम रक्ताच्या चाचणीत दिसत नाही आणि एमआरआयमध्येही दिसत नाही. तज्ज्ञ मुलाबरोबर खेळून, निरीक्षण करून, आईवडिलांना विचारून निदान करतात, आणि अनुभवी माणसाला ते दोन वर्षांच्या आसपास करता येतं. झटके येत असतील किंवा आलेलं बोलणं गेलं असेल तर मेंदूच्या तपासण्यांचा विचार होतो. एरवी एखाद्याने सरसकट एमआरआय सांगितला तर का, ते विचारा.

जायचं कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला आणि विकासातला उशीर हा त्याच्या चार मुख्य विषयांपैकी एक आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. तोवर थांबायची गरज नाही. अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना सांगून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, नाव घाला. तिथे पैसे पडत नाहीत. मुंबईत वांद्र्याला अलीयावर जंग ही वाणी आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. जाताना मोबाइलवर दोन-दोन मिनिटांचे चार व्हिडिओ न्या: पाठमोरा असताना हाक मारलेली, जेवताना, एकटा खेळताना, आणि घरात पाहुणे आलेले. नव्या जागी मूल रडतं, बिथरतं. घरचं खरं चित्र तज्ज्ञांना त्या व्हिडिओतच दिसतं.

प्रश्न : आमची मुलगी अडीच वर्षांची. ऑटिझमची शक्यता सांगितली आहे. स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून एकदा, चाळीस मिनिटं. जायला-यायला चार तास आणि दर वेळी हजारभर रुपये जातात, त्याहून जास्त जमणार नाही. बाकीचे सहा दिवस फुकट जातात असं वाटतं. घरी आम्ही काय करू? ‘हे काय, सांग बरं’ असं विचारून विचारून आम्ही दमलो.
– एक बाबा, चिपळूण

उत्तर : खरं काम त्या सहा दिवसांतच होतं. गोव्यात संगाथ संस्थेने पालकांनाच शिकवण्याची पद्धत वापरून पाहिली. तज्ज्ञ थेरपिस्ट नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या घरी जायच्या, आईचा मुलाबरोबर खेळतानाचा व्हिडिओ घ्यायच्या आणि तिच्याबरोबर बसून तो बघायच्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आईवडिलांचं प्रतिसाद देणं सुधारलं आणि मुलांनी आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाणही वाढलं.

म्हणून थेरपिस्टना पहिली विनंती ही करा: चाळीस मिनिटांतली शेवटची पंधरा मिनिटं तुम्ही मुलीशी खेळाल आणि त्यांनी बघून चुका सांगाव्यात. पालकांना दाराबाहेर बसवून घेतलेलं सत्र तुमच्या घरापर्यंत पोहोचत नाही. थेरपिस्टची आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी आहे ना हेही विचारून घ्या. त्यात संकोच नको.

घरी एक तास धरून बसवण्यापेक्षा दहा-दहा मिनिटं चार वेळा करा आणि ती रोजच्या कामांतच शोधा: अंघोळ, खाऊ, कपडे, झोपायच्या आधी. टीव्ही बंद. तुमचा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आला पाहिजे. ती पलंगावर किंवा छोट्या खुर्चीत, तुम्ही जमिनीवर. मांडीत घेऊन पाठीमागून बोललं की तिला ओठही दिसत नाहीत आणि डोळेही. खेळणी चार-पाचच बाहेर ठेवा, बाकीची पिशवीत भरून माळ्यावर, आठवड्याने बदला. ढिगात बसलेलं मूल एकातून दुसऱ्यात जात राहतं, त्यात तुमची गरजच पडत नाही.

पहिला आठवडाभर काही शिकवू नका, काही विचारू नका. ती जे करते ते तिच्या शेजारी बसून करा. ती झाकण फिरवत असेल तर तुम्ही दुसरं झाकण घेऊन फिरवा. तिच्या हातातलं काढून घेऊन ‘असं नाही, असं खेळ’ म्हणू नका. थोड्या दिवसांनी ती तुमच्या झाकणाकडे बघते, मग तुमच्याकडे. तुम्ही मुद्दाम थांबलात की ‘कर ना’ अशा अर्थाने चुळबुळते. पुढचं सगळं त्या चुळबुळीवर उभं राहतं.

मग तिला तुमची गरज पडेल अशी जागा तयार करा. फिरकीच्या झाकणाची पारदर्शक प्लॅस्टिकची बरणी घ्या, तिच्या हाताने न उघडणारी. आत तिच्या आवडीचे कुरमुरे किंवा राजगिऱ्याच्या लाडवाचे तुकडे. (शेंगदाणे, फुटाणे या वयात नकोत, श्वासनलिकेत अडकतात.) बरणी तिच्यासमोर ठेवा आणि गप्प बसा. मनात सावकाश दहा आकडे मोजा. आपल्याला तीन आकड्यांतच कसंतरी व्हायला लागतं आणि आपण बोलून टाकतो. बहुतेक घरी इथेच फसतं. तिने बरणी तुमच्या हातात दिली, तुमच्याकडे पाहिलं, ‘अं’ केलं, काहीही केलं की ते मागणं समजायचं. ‘उघड’ एवढं एकदाच म्हणा, लगेच उघडा, एकच तुकडा द्या, झाकण लावा. असे सात-आठ फेरे झाले की पुरे. तिचं मन उडायच्या आत थांबा.

इथे घोटाळा होतो तो असा. मूल मागायला लागलं की घरातल्यांना हुरूप येतो आणि ‘आधी बोल, मगच देते’ सुरू होतं. ज्या मुलीला शब्द जमतच नाही तिच्यासाठी ती शिक्षा आहे. ती रडते किंवा मागणंच सोडून स्वतः ओट्यावर चढते. शब्द आपण बोलायचा, वस्तू द्यायची, तिने म्हणायची अट घालायची नाही. दुसरा घोटाळा म्हणजे एकाच गोष्टीला आई ‘उघडू का’, आजी ‘काढून देऊ का गं बाई’ आणि बाबा ‘ओपन’ म्हणतात. घरात बसून आठ-दहा शब्द ठरवा आणि फ्रिजवर लावा. मराठीत कामाचे शब्द सुदैवाने इवलेसे आहेत: दे, घे, ये, बस, उघड, अजून, नको, संपलं. सगळ्यांनी तेच वापरायचे. ती एक शब्द बोलायला लागली की तुम्ही दोन बोला (‘दे’ला ‘पाणी दे’). लांब वाक्य नको. एक प्रश्न विचारायचा झाला तर आधी चार वेळा नुसतं सांगा: ‘चेंडू. चेंडू गेला. धप्प पडला. खाली.’ सारखी परीक्षा चालू आहे असं वाटलं की मूल तोंड मिटतं.

तिसरी गोष्ट हातापायांचे खेळ. ‘इथे इथे बस रे मोरा’ घ्या. तळहातावर बोट नाचवत नेहमीसारखं म्हणत जा. ‘भुर्र’ येण्याआधी हात वर उचलून धरा, डोळे मोठे करा आणि थांबा. रोज त्याच चालीत म्हटलेलं असलं तर तो तुटलेला भाग पुरा व्हावा असं मुलाला आतून वाटतं. ती हात ढकलेल, बघेल, हसेल, कधीतरी ‘बु’ म्हणेल. तोच आवाज तिचा शब्द धरून ‘भुर्र!’ करा. चादरीचा झोका, साबणाचे फुगे, ‘एक, दोन...’ म्हणून उडी, सगळ्यांत हीच युक्ती. गुदगुल्यांनी ती अंग चोरत असेल तर तो खेळ तिचा नव्हे, सोडून द्या.

बोट दाखवायला शिकवताना एका हातात आवडतं बिस्कीट, दुसऱ्यात चमचा घ्या. दोन्ही हात चांगले लांब ठेवा, म्हणजे ती कुठे झेपावते ते स्पष्ट दिसेल. तिचं बोट हलकेच धरून बिस्किटाला लावा, लगेच द्या. काही दिवसांनी फक्त मनगटाला हात, मग कोपराला नुसता स्पर्श, मग काहीच नाही. मदत काढून घ्यायची विसरलात तर मूल तुम्ही बोट धरायचीच वाट बघत बसतं.

नोंद ठेवा, पण शब्दांची नको. रोज संध्याकाळच्या खाऊच्या दहा मिनिटांत ती स्वतःहून किती वेळा तुमच्याकडे वळली (बघून, देऊन, आवाज करून), तेवढ्या रेघा वहीत ओढा. शब्द यायला महिने लागतात, या रेघा आधी वाढतात. सहा ते आठ आठवड्यांत त्याही हलल्या नाहीत तर वही घेऊन थेरपिस्टशी बोला. ध्येय किंवा पद्धत बदलायला हवी आहे.

प्रश्न : मुलगा पावणेतीन वर्षांचा. इंग्रजी अक्षरं, आकडे, पाच-सहा गाणी मोबाइलवर ऐकून पाठ आहेत, पण पाणी मागत नाही. तहान लागली की ‘पाणी हवंय का तुला?’ असं आम्हालाच म्हणतो. हुशार आहे म्हणावं की काळजी करावी? मोबाइल रोज तीन-चार तास होतो, जेवताना तर लागतोच.
– एक आई, नाशिक

उत्तर : ‘पाणी हवंय का तुला?’ हे त्याचं मागणंच आहे. पाणी मिळण्याआधी हे शब्द ऐकू येतात, म्हणून त्याने ते अख्खे उचलले आहेत. ऐकलेलं जसंच्या तसं म्हणण्याला इकोलेलिया म्हणतात. भाषेकडे जाण्याची अनेक ऑटिस्टिक मुलांची ती वाटच आहे, त्यामुळे ‘असं नाही बोलायचं’ म्हणून अडवू नका. तो म्हणाला की प्रश्न परत न विचारता त्याच्या जागेवरून बोला, ‘पाणी दे’, आणि पेला पुढे करा. तुम्ही स्वतः प्रश्न विचारणं कमी केलंत की त्याच्याकडूनही प्रश्न कमी परत येतील. तो ‘मी जाते’, ‘मी खाते’ म्हणायला लागला तर घाबरू नका, दिवसभर आईचं ऐकून ते आलेलं असतं. बाबा, काका, आजोबा यांनी त्याच्याबरोबर ‘मी जातो’ बोलत राहावं. आत्ता ते सुधारत बसू नका.

अक्षरं आणि आकडे येणं चांगलंच, पण त्यावरून संवाद येतो असं धरू नका. तपासणी करून घ्या. कानांसकट, वर सांगितली तशीच.

मोबाइलमुळे ऑटिझम होत नाही. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हे वैद्यकीय निदान नाही, त्या नावाने आईला दोष देणं तर बिलकूल बरोबर नाही. पण तीन-चार तास पडद्यासमोर गेले की माणसांशी देवघेव करायचे तेवढे तास गेलेच. जागतिक आरोग्य संघटना दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाची कमाल मर्यादा सांगते. सुरुवात जेवणापासून करा. आज पंधरा मिनिटं, उद्या दहा, अशी घासाघीस या मुलांना कळत नाही. जेवताना फोन दिसतच नाही, हा नियम कळतो. सगळ्यांचे फोन दुसऱ्या खोलीत. पहिले काही दिवस रडणं वाढतं आणि तो कमी खातो. नेमकं त्याच वेळी कोणीतरी दया येऊन फोन दिला, तर जास्त रडलं की फोन मिळतो हे पक्कं होतं. म्हणून आजी-आजोबांना आधी विश्वासात घ्या आणि घरात लग्नकार्य किंवा आजारपण नसलेला आठवडा निवडा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा २० महिन्यांचा, एकही शब्द नाही. डॉक्टरांच्या चाळणीत गुण जास्त आले, पण तज्ज्ञांची तारीख सात महिन्यांनंतरची आहे. ओळखीचे म्हणतात, घरी मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांमुळे गोंधळ होतो.
– आई-बाबा

उत्तर : मराठी बंद करू नका. दोन भाषांमुळे ऑटिझम किंवा बोलण्यातला उशीर वाढतो असं आजवरच्या संशोधनात दिसलेलं नाही. ज्या भाषेत तुम्ही सहज लाड करता, रागावता, गाणी म्हणता, तीच या वयाला सगळ्यांत उपयोगी. अडखळत्या इंग्रजीत आईबापाचं बोलणं निम्म्यावर येतं आणि आजी-आजोबा तर पार गप्प होतात.

सात महिने थांबायचं काही कारण नाही. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ‘अर्ली इंटरव्हेन्शन’ ही कायद्याने दिलेली सेवा आहे. तिला निदान लागत नाही, विकासात उशीर दिसणं पुरतं, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून तुम्ही स्वतः फोन करून नाव घालू शकता. मूल्यमापन मोफत असतं. नाव घातल्यापासून ४५ दिवसांत मूल्यमापन होऊन, मूल पात्र ठरलं तर कुटुंबासाठीची सेवा योजना ठरवणारी बैठक व्हायला हवी. फोनची तारीख आणि बोललेल्या व्यक्तीचं नाव लिहून ठेवा, दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. मूल्यमापन मराठीसह व्हावं, दुभाषी मिळावा, असं पहिल्याच फोनवर सांगा. नाहीतर मराठीत समजणाऱ्या गोष्टीही ‘समजत नाहीत’ अशा नोंदल्या जातात. तिसऱ्या वाढदिवसाला ही सेवा संपते आणि पुढची जबाबदारी ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’कडे, म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी शाळांच्या प्रशासनाकडे, जाते. त्याच्या किमान ९० दिवस आधी बदलाची बैठक घ्यायची असते, ती मागून घ्या. तज्ज्ञांची तारीख सोडू नका आणि रद्द झालेल्या तारखांच्या यादीत नाव ठेवायला सांगा.

प्रश्न : थेरपिस्टनी चित्रकार्डं वापरायला सांगितली. कार्डाची सवय लागली तर मुलगी बोलायचा आळस करेल, असं घरच्यांना वाटतं.
– एक आई, म्हापसा

उत्तर : कार्डांमुळे बोलणं थांबत नाही. मागता आलं की चिडचिड कमी होते, आणि अनेक मुलांत त्या जोडीनेच शब्द येतात. मात्र सुरुवात पन्नास कार्डांच्या अल्बमने करू नका. तिला रोज हव्या असणाऱ्या दोन-तीन गोष्टी घ्या, तुमच्याच घरातल्या वस्तूंचे फोटो काढा: तिचाच पेला, तिचीच चप्पल. तळहाताएवढे छापून लॅमिनेट करा आणि मागे वेल्क्रो लावून तिच्या उंचीवर चिकटवा. तिने कार्ड हातात दिलं की शब्द म्हणा आणि वस्तू ताबडतोब द्या. कार्डं कपाटात ठेवली आणि ‘थेरपीच्या वेळी’ काढली तर ती शाळेचा अभ्यास होऊन बसतात. पुढे आयआयटी मुंबईत तयार झालेलं, चित्रं दाबून बोलायचं जेलो हे मोफत ॲप बघा, ते मराठीतही बोलतं.

प्रश्न : नातू तीन वर्षांचा होईल, अजून बोलत नाही, ऑटिझम आहे म्हणतात. कोणी सांगतं वेखंड उगाळून जिभेला लावा, कोणी जिभेखालची शीर कापायला सांगतं. एका ठिकाणी स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या, उपचाराचे काही लाख सांगितले आहेत. शेत विकायचीही माझी तयारी आहे. लसीमुळे हे झालं का, हाही मनात सल आहे.
– एक आजोबा, इचलकरंजी

उत्तर : आजोबा, शेत विकू नका. ऑटिझमवर स्टेम सेलचा उपचार सिद्ध झालेला नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच सांगितलं आहे की ऑटिझमसाठी त्याची शिफारस करता येत नाही आणि तो देणं किंवा त्याची जाहिरात करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन धरावं. ‘दहा इंजेक्शनांत बोलायला लागेल’ असं छातीठोक सांगणाऱ्याकडून उठून यावं. शरीरातले जड धातू काढायचा म्हणून दिला जाणारा कीलेशनचा उपचार तर जिवावर बेतू शकतो.

वेखंड पोटात गेलं तर लहान मुलांना जोराच्या उलट्या होतात, आणि बोलणं काही जिभेच्या जडपणामुळे अडलेलं नाही. जीभ चिकटलेली असेल तर दूध ओढायला किंवा काही उच्चारांना त्रास होऊ शकतो. पण हाकेला न बघणं, बोट न दाखवणं हे शिरेमुळे होत नाही. ती कापून संवाद सुरू होणार नाही.

लसीचा सल मनातून काढून टाका. १९९८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात आलेल्या ज्या लेखातून ही शंका पसरली, तो त्याच साप्ताहिकाने २०१० मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये पुन्हा दाखवलं गेलं की गोवर-गालगुंड-रुबेला लसीने ऑटिझम वाढत नाही. लस दिली ते बरोबरच केलं. राहिलेल्या लसी वेळेवर द्या.

तुमच्याकडे पैशापेक्षा मोलाचा वेळ आहे. चिपळूणच्या बाबांना जे खेळ सांगितलेत, त्यांतला एक तुम्ही घ्या: रोज संध्याकाळी, तोच खेळ, त्याच जागी, तेच शब्द. घरात एवढा नेम पाळायला बहुतेकदा आजोबांनाच जमतं.

प्रश्न : मुलाला ऑटिझमचं निदान झालं आहे. दिव्यांग प्रमाणपत्र काढलं तर त्याच्या कपाळी कायमचा शिक्का बसेल का?
– एक आई, अमरावती

उत्तर : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. प्रमाणपत्र काढणं ऐच्छिक आहे आणि शाळेला किंवा शेजाऱ्यांना ते दाखवायची सक्ती नाही. लहान वयात ते बहुधा ठरावीक मुदतीचं मिळतं, मूल मोठं झाल्यावर पुन्हा तपासणी होते. अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, करायचा. तपासणी जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मंडळाकडे होते. प्रमाणपत्राच्या आधारे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना घेता येते आणि तिच्यात थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळतो. त्यासाठी पावत्या लागतात, म्हणून थेरपिस्टकडून दर वेळी नाव, तारीख आणि नोंदणी क्रमांक असलेली पावती आत्तापासूनच घ्या. आयकराच्या जुन्या करप्रणालीत असाल तर ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वावर ७५ हजारांची आणि ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची वजावट आहे. अर्ज भरताना मुलाच्या आधार कार्डावरचं आणि जन्मदाखल्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा. वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगमधल्या एका अक्षराच्या फरकानेही अर्ज अडकतात.